गुडघा बदलल्यावर वाकतच नाहीये, आत स्कार टिश्यू?

आईचं नी रिप्लेसमेंट होऊन दोनेक महिने होत आलेत, जखम छान भरली, एक्स-रे पण नॉर्मल, पण गुडघा ७० अंशांपुढे जातच नाही आणि पूर्ण सरळपण होत नाही. डॉक्टर म्हणतात आत स्कार टिश्यू (जखम भरताना तयार होणारं चिवट, घट्ट मांस) जमलंय, भूल देऊन वाकवून देतो. करावं का?

प्रतिसाद १
याला आर्थ्रोफायब्रोसिस म्हणतात. भूल देऊन वाकवणं म्हणजे एमयूए, साधारण पहिल्या तीन महिन्यांत केलं तर जास्त उपयोग होतो, नंतर ते टिश्यू घट्ट होत जातं आणि मग दुर्बिणीतून कापून मोकळं करावं लागतं. धोका कमी असला तरी आहे, हाड मोडू शकतं, हाडं ठिसूळ असतील तर आधीच सांगा. जिने उतरायला, खुर्चीतून उठायला ९० च्या आसपास लागतंच, त्यामुळे ७० वर थांबू नका.

प्रतिसाद २
आधी इन्फेक्शन नाही ना ते बघून घ्या, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) वगैरे. आणि झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवत असतील तर काढा!! आराम वाटतो पण पाय वाकलेलाच आखडतो.

प्रतिसाद ३
ऑपरेशनआधी किती वाकत होता? आधीच कडक असेल तर नंतरही त्रास होतो, हे कुणी नीट सांगत नाही. एमयूए केलंत तर फिजिओ लगेच सुरू, आणि व्यायामाआधी पेनकिलरची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या, दुखतंय म्हणून थांबलं की परत चिकटतं.