घरपोच पॅलिएटिव्ह सेवा: दरमहाचा खर्च कुठून भागवायचा?

प्रश्न (खाडीकाठ): गुहागर-चिपळूण पट्ट्यात घरी जाऊन पॅलिएटिव्ह सेवा (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) सुरू करायची आहे. एक नर्स, आठवड्यातून एक दिवस डॉक्टर, भाड्याची गाडी. रुग्ण मुख्यतः कॅन्सरचे आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. देणग्या एकरकमी येतात, पगार मात्र दरमहा. रुग्णाकडून शुल्क घ्यावं का?

सड्यावरचा: शुल्क नको. उपचारांत ते घर आधीच रिकामं झालेलं असतं, आणि पैसे नसले की लोक बोलावतच नाहीत. आधी एका भेटीचा खर्च काढा: पगार, गाडी, औषधं, साहित्य यांची बेरीज भागिले भेटी. आपल्याकडे गाडीच जड जाते. समोर दिसणारी वाडी खाडीला वळसा घालून गाठावी लागते. म्हणून खाडीच्या अलीकडच्या वाड्या सोमवारी आणि गुरुवारी, पलीकडच्या मंगळवारी आणि शुक्रवारी. तीव्र वेदना असतील तिथे आठवड्याला दोनदा. स्थिर रुग्णाकडे महिन्यातून एकदा आणि मध्ये फोन.

नर्सताई: पैसा खातात त्या अचानकच्या फेऱ्या. मॉर्फिन (तीव्र वेदनांवरचं औषध) सुरू केलं की त्याच दिवशी बिसाकोडिलसारखं रेचकही द्याच, नाहीतर शौच अडून रात्री धावावं लागतं. साधा लॅटेक्स कॅथेटर (लघवीची नळी) चार आठवड्यांच्या आत बदलावा लागतो, सिलिकॉनचा बारा आठवड्यांपर्यंत चालतो. महाग असला तरी दोन फेऱ्या वाचतात. लघवीत खर साचत असेल तर मात्र तोही लवकर तुंबतो. जखमेच्या वासाला मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक कुटून भुरभुरली तरी चालते, हे घरच्यांना शिकवा.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं यंत्र) उसना देताना वीजबिलाचं आधीच सांगा: ३५० वॅटचं यंत्र दहा तास चाललं की साडेतीन युनिट. पावसात लाईट जातेच, भरलेला सिलिंडर सोबत हवा.

वाडीमंडळ: केरळात मलप्पुरमला लोकांच्या छोट्या, नियमित वर्गणीवर हे काम उभं राहिलं. आपल्याकडे गावोगावची मुंबई मंडळं आहेत. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा पावती फाडून थांबू नका, बँकेतून दरमहा ठरावीक रक्कम वळती करून घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर करसवलत मिळत नाही, तेही सांगा. कंपन्यांच्या सीएसआरसाठी (सामाजिक कामासाठीचा कंपन्यांचा निधी) संस्थेची सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी लागते. तो पैसा प्रकल्पापुरता येतो, त्यातून एअर बेड, कॉन्सन्ट्रेटर घ्या. पगार त्यावर टेकवू नका. सहा महिन्यांचे पगार बाजूला पडल्याशिवाय दुसरी नर्स नेमू नका.

सड्यावरचा: मॉर्फिन साठवायला मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेचा दर्जा लागतो. नसेल तर ज्या रुग्णालयाला तो आहे त्याच्याशी आधी जोडून घ्या. गोळ्या स्वस्त आहेत, पण गोळीन् गोळीची नोंद ठेवावी लागते.