रांगेत, जिन्यात, सिग्नलला: कामं करता करता सजगता

बाहेरची चार कामं उरकून घरी आलं की कधी कधी नुसतं बसून राहावंसं वाटतं. कामं तर किरकोळच असतात. एक अर्ज द्यायचा, एक पार्सल टाकायचं, दुरुस्तीला दिलेलं घड्याळ आणायचं. मग अंगातलं त्राण जातं कुठे? वर्षभर मी याच्या मागावर आहे. माझ्यापुरतं उत्तर असं: मी एका कामात असते तेव्हा मन पुढच्या तिन्ही कामांत असतं, आणि शरीर त्या तिन्हींसाठी आत्ताच कंबर कसून उभं असतं. खांदे वर, पोट आवळलेलं.

आता मी एकच करते. कुठल्याही दाराच्या हँडलवर हात ठेवला की क्षणभर थांबते. हँडल गार आहे की कोमट, खांदे कुठे आहेत, अंगात जोर किती उरलाय, एवढंच बघते. जोर कमी वाटला तर यादीतलं एक काम उद्यावर टाकते. पूर्वी असं टाकणं म्हणजे मला हार वाटायची.

२०१० साली किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २,२५० जणांना फोनवरून दिवसात अधूनमधून विचारलं होतं, आत्ता लक्ष हातातल्या कामात आहे का? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं, आणि तेव्हा माणसं कमी आनंदी होती. तुमचं काय? जमलेलं खाली लिहा, न जमलेलंही लिहा.

* * *

वडिलांची औषधं आणायचं काम माझ्याकडे. रांग लांब असते. एकदा उभ्या उभ्या लक्षात आलं की बुटात मी पायाची बोटं आकडून धरली आहेत, जमीन सरकणार असल्यासारखी. ती सैल सोडली. पाठोपाठ जबडा सुटला. तो आवळलेला होता हे सुटल्यावरच कळलं.

तेव्हापासून रांगेत श्वास मोजतो. चार आकडे घेताना, सहा आकडे सोडताना, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. एरवी आपण १२ ते २० घेतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. मनगटावर बोट ठेवून पाहा, फरक बोटाला लागतो. मी आधी विश्वास ठेवला नव्हता, बोट ठेवल्यावर ठेवला.

आणि एक झालं. खिडकीपलीकडच्या बाईंच्या मनगटाला पट्टा बांधलेला दिसला. दोन वर्षं त्याच हातातून औषधं घेतोय, हात त्या दिवशी पाहिला. माझा आवाज आपोआप खाली आला.

* * *

वरचा अनुभव छान आहे, पण श्वासाकडे लक्ष देणं सगळ्यांना मानवत नाही. मला गर्दीत घाबरायला होतं, आणि श्वास बघायला गेलं की छाती आणखी भरून येते. मी स्वतःलाच दोष द्यायचे. मग एका समुपदेशक ताईंनी सांगितलं, श्वासाकडे बघणं सोड, लक्ष तळपायांवर ठेव. आता तळपायाखालची जमीन, पिशवीच्या बंदाचा बोटांवरचा वळ, लांबून येणारा एखादा आवाज, यांना धरून राहते. तेवढ्यावर काम पुरं करून परत येते. ज्यांना श्वास जमत नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावा.

* * *

गाडी चालवताना मात्र आत बघू नका. तिथे रस्ता हेच ध्यान. सिग्नलला थांबल्यावर स्टीअरिंगवरची पकड ढिली करतो, बस्स.

* * *

मी वयाने मोठा आहे म्हणून एक जुना शब्द सांगतो: संप्रजन्य, म्हणजे जे करतोय ते जाणून करणं. पालीत संपजञ्ञ. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या बुद्धाच्या उपदेशात, पुढे जाताना, मागे येताना, हात आखडताना, पसरताना, खाताना, बोलताना, गप्प असतानाही जाणतं राहायला सांगितलं आहे. म्हणजे कामांची यादीच की ही! ध्यानाची बैठक पहाटेची आणि कामं दिवसभराची, अशी वाटणी माझ्या मनात वीस वर्षं होती. ती चुकीची होती.

ऊर्जा या शब्दाबद्दल मी जपून असतो. मला आत कुठला प्रवाह दिसत नाही. मला दिसतं ते इतकं साधं आहे: दुसऱ्या मजल्यापर्यंत पाय हलके असतात, तिसऱ्याला मांडी बोलते, आणि कुणाशी वाद झालेला असेल तर ती पहिल्याच मजल्यावर बोलते. त्या दिवशी मी जिन्यात कठड्याला धरून उभा राहतो. पाय स्वतःहून उचलेपर्यंत.

* * *

काकांचं वाचून आज पोस्टातून परतताना करून पाहिलं. माझी मांडी पहिल्या मजल्यावरच बोलली. सकाळी बहिणीशी फोनवर वाजलं होतं, ते मी विसरले होते. जिन्यातच बसले आणि तिला फोन लावला.