मदत हवी आहे: वारुळावरील न उघडणाऱ्या अळंबीची प्रजाती कोणती?

नमस्कार. यावलजवळ आमच्या केळीच्या बांधावरील वारुळावर वीतभर उंचीची, पांढुरकी, खवलेदार अळंबी उगवली असून तिची टोपी छत्रीसारखी उघडत नाही. उभी चिरल्यावर देठ थेट शेंड्यापर्यंत गेलेला दिसतो आणि काळपट भुकटी बोटांना लागते. शेजारचे काका तिला खाण्याची समजतात, परंतु वारुळावरची खाण्याची अळंबी ज्या प्रजातीत मोडते त्या, १९४२ मध्ये रॉजे हाइम यांनी स्थापलेल्या टर्मिटोमायसीसची टोपी पसरते व बीजाणू गुलाबीसर असतात. त्यामुळे मला ही पोडॅक्सिस, म्हणजे टोपी न उघडणारी वेगळी प्रजाती वाटते, जिच्या एका जातीला लिनियसने १७७१ मध्ये लायकोपर्डॉनमध्ये, म्हणजे भुकटी उडवणाऱ्या गोल अळंब्यांत घातले होते (आतली भुकटी पाहता ते समजण्यासारखे आहे). नमुना वाळवून कागदी पाकिटात ठेवला आहे. जळगाव-धुळ्याकडे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून देणारे कोणी आहे का, आणि डीएनए तपासणीला हाच तुकडा चालेल का?