मदत हवी आहे: पहिलीच्या कोरकू मुलांना शिकवण्यासाठी साहित्य

नमस्कार मंडळी. मेळघाटात धारणी तालुक्यातल्या एका शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. माहेर साताऱ्याचं, त्यामुळे इथल्या कोरकू आदिवासींच्या कोरकू भाषेशी आधी कधी संबंध आला नव्हता.

जूनमध्ये एक चिमुरडी माठाजवळ उभी राहून "डा, डा" म्हणत होती. मला काही कळेना. शेवटी चौथीतली तिची बहीण धावत आली, "मॅडम, पाणी मागते ती." पाणी मागायलाही त्या लेकराला दुभाषी लागला! तेव्हापासून मन लागत नाही.

कोरकू ही मुंडा या मराठीहून वेगळ्या भाषाकुळातली, झारखंडकडच्या संथालीच्या नात्यातली भाषा. मराठीची बोली नव्हे, म्हणून "ऐकून ऐकून येईल" हे मला पटत नाही. घटनेच्या ३५० अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असं आहे, शिक्षण हक्क कायद्यातही शक्यतो मातृभाषाच म्हटलंय. माझ्या वर्गात मात्र भिंतीवरच्या तक्त्यांपासून पुस्तकांपर्यंत सगळं मराठी. गप्प बसणाऱ्या मुलांवर "कच्ची" असा शिक्का बसतो, याचं फार वाईट वाटतं.

कोणाकडे कोरकू-मराठी शब्दसंग्रह, गोष्टी, बडबडगीतं, ध्वनिमुद्रणं आहेत का? शब्दाच्या शेवटी आवाज घशात अडतो, तो देवनागरीत कसा लिहायचा? गावातल्या आज्या गोष्टी सांगायला तयार आहेत, पण लिहून कशा घ्याव्यात हेच समजत नाही. गोंडी, भिली किंवा कोलामी मुलांसोबत काम केलेल्यांनीही अनुभव सांगा. दिवाळीच्या सुट्टीआधी निदान एक चित्रपुस्तिका तयार करायची आहे.