पडक्या वाड्यात मेटल डिटेक्टर फिरवून इतिहास वाचवता येत नाही

माळवदाची_लेक
काल इथं कसब्यातल्या पाडलेल्या वाड्याजवळ डिटेक्टर फिरवून काढलेल्या 11 शिवराई नाण्यांचा (शिवाजी महाराजांच्या नावाची जुनी तांब्याची नाणी) आणि एका पितळी कुलपाचा फोटो आला. खाली ओळ होती, "माती ट्रॅक्टरनं जाणारच होती, मी इतिहास वाचवला." डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. नाणी वाचली, इतिहास गेला. नाणी गाडग्यात होती की विखुरलेली? जोत्याखाली की माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या छपराच्या, मातीत? गाडग्यात असतील तर कुणीतरी मुद्दाम पुरली. माळवदात असतील तर ती त्या वाड्याची नसतीलही, कारण माळवदावर टाकायला गढीची पांढरी माती आणायचे. माझ्या आजोळी दर उन्हाळ्यात गाडीभर यायची, मी त्यातनं खापरं वेचलीत.

डिटेक्टरवाला_सोलापूर
ताई, तो मीच. जेसीबी लागला तेव्हा वाचवायला कोण आलं होतं? मालकाला विचारून गेलो होतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरेंनी आयुष्यभर वस्तू गोळा केल्या, म्हणून तिथं संग्रहालय उभं आहे. त्यांनाही चोर म्हणणार?

बाळीवेस_वकील
चोर कुणी म्हटलं नाही. पण लामतुरेंचं नाव घेता तर पुढचंही घ्या, त्यांचा संग्रह शासनाकडे गेला. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेला ऐवज 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असला की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. मूळ धनी सापडला नाही आणि वेगळा करार नसला तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. दडवलं तर वाटाही जातो आणि एक वर्षापर्यंत कैद. भुईकोट किल्ल्याच्या आवारात तर यंत्र नेऊच नका.

डिटेक्टरवाला_सोलापूर
कायदा ठाऊक आहे. वडिलांनी शेतात सापडलेला वीरगळ (वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड) एका कचेरीत कळवला होता. वर्षभर हेलपाटे, पोच नाही, उलट त्यांचीच चौकशी. ते परत कधी कुणाला काही कळवायला गेले नाहीत.

दुदांडी
ते राहू द्या, फोटो बघा! नाणी लख्ख तांबूस आहेत. चिंच लावलीत ना?

डिटेक्टरवाला_सोलापूर
चिंच-मीठ. आजीचे हंडे पिढ्यान्‌पिढ्या त्यानंच घासले, काय झालं त्यांना?

दुदांडी
हंड्यावर अक्षरं नसतात हो! आठवीत असताना आजोबांची शिवराई मी रात्रभर लिंबाच्या रसात ठेवली. सकाळी 'श्री राजा शिव' मधलं 'राजा' गेलं होतं. आजोबा काही बोलले नाहीत, नाणं उचलून कोनाड्यात ठेवलं. चाळीस वर्षं झाली, अजून छातीत कळ येते. झिजलेल्या नाण्याचं अक्षर पुष्कळदा त्या काळ्या-हिरव्या थरातच उरलेलं असतं. आंबट लावलं की थर सुटतो आणि अक्षरही सुटतं.

कसब्याची_सून
थर म्हणजे गंज. गंज ठेवायचा तर नाणं कशाला ठेवायचं?

दुदांडी
सगळा हिरवा रंग एक नसतो. घट्ट, गुळगुळीत असेल तर तो नाण्याला जपतो. फिकट हिरवी भुकटी झडत असेल तर तो रोग, ते नाणं वेगळं, कोरडं ठेवा. शुद्ध पाणी, मऊ ब्रश, फार तर लाकडी काडी. एवढंच करा, हात जोडतो.

कसब्याची_सून
हात जोडून शिकवणी घेताय होय! आमच्या देव्हाऱ्यातली शिवराई दर दसऱ्याला चिंचेनं घासतो. अक्षरं... आता बघून आले. 'छत्र' दिसतंय, 'पति' नाही. यंदा नुसती पुसेन. पण तुमचा सूर मला पटलेला नाही.

माळवदाची_लेक
नाणी कुठं होती ते अजून सांगितलं नाहीत.

डिटेक्टरवाला_सोलापूर
गाडगं नव्हतं. सहा नाणी उंबऱ्याच्या आत, वीतभर खाली, एकमेकांजवळ. पाच ढिगाऱ्यात. चिंच लावताना सगळी एकत्र केली, आता कुठली कुठली ते कळत नाही. ही चूक झाली, मान्य. बाकी तुमचं सगळं मान्य नाही. जागेचा नकाशा आठवून काढतो. कलेक्टर कचेरीत जाईन, पण एकटा जाणार नाही.

माळवदाची_लेक
सोमवारी अकराला दाराशी थांबते. कुलूप धुतलं नसेल तर तसंच मातीसकट आणा.