‘मध्यशतकी’ खुर्ची चालेल का?

चंडीगडच्या खुर्च्यांवर मराठीत लिहितेय आणि दोन शब्दांवर अडलेय. ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ला, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातल्या फर्निचरच्या शैलीला, ‘आधुनिक’ म्हटलं, तर वाचणाऱ्याला आजच्या दुकानातली खुर्ची वाटते. वास्तुविशारद पिएर जानरे नवं शहर उभारायला १९५१ मध्ये चंडीगडला आले, १९६५ पर्यंत राहिले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खुर्च्या त्या काळातल्या. दुसरं, ‘वेताची खुर्ची’ म्हणावं का?

— ‘वेताची’ नको. तसं म्हटलं की व्हरांड्यातली, पायांपासून हातांपर्यंत सगळी वेताची खुर्ची डोळ्यांपुढे येते. चंडीगडच्या खुर्चीचा सांगाडा सागवानी. वेत फक्त बैठकीला आणि पाठीला, तोही सोललेल्या पट्ट्यांचा, जाळीदार विणीचा. आमच्या घरी अशा खुर्चीची बैठक फाटली की ‘खुर्ची विणून घ्यायची आहे’ असंच म्हणत. तेव्हा ‘वेताने विणलेली सागवानी खुर्ची’ लिहा. लांब आहे, पण ती तशी का केली तेही त्यात येतं: सागाला वाळवी सहजी लागत नाही आणि विणीतून वारा खेळतो.

— आणि पाय? ‘कैचीचे पाय’ म्हणू का?

— कैचीची पाती एकमेकांना छेदून जातात. इथे पुढचा आणि मागचा पाय वर जुळतात, खाली फाकतात. रंगारी ज्या घोडीवर चढतो, तिच्यासारखे. ‘घोडीसारखे फाकलेले पाय’ म्हटलं तर कोणत्याही सुताराला चित्र न दाखवता कळेल.

— ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’बद्दल. हे नाव रूढ झालं ते कारा ग्रीनबर्ग यांच्या १९८४ च्या पुस्तकामुळे, म्हणजे खुर्च्या होऊन तीसेक वर्षं लोटल्यावर. मागाहून दिलेलं, काळ सांगणारं नाव आहे ते. असं नाव मराठीला नवं नाही: ‘साठोत्तरी कविता’ म्हटल्यावर कोणत्या शतकातलं साठ, असं कोणी विचारत नाही. त्याच वळणाचं ‘मध्यशतकी’ मला फार आवडेल. ‘पन्नाशीतली’ मात्र नको, ते वय वाटतं. ‘मॉडर्न’ हा इथे विचारप्रवाह आहे. त्याबद्दल बोलायचं तिथे ‘आधुनिकतावादी’ लिहा, खुर्चीला ते विशेषण चिकटवू नका.

— एक विनंती. ‘जानरेंची खुर्ची’ असं एकट्याच्या नावावर टाकू नका. त्यांच्यासोबत वास्तुविशारद युली चौधरी होत्या, आणि लाकडाला हात लावणारे स्थानिक कारागीर होते. ‘चंडीगडची खुर्ची’ म्हटलं की सगळे त्यात येतात.

— पटलं. शीर्षक ‘चंडीगडची मध्यशतकी खुर्ची’, आणि पहिल्याच परिच्छेदात घोडी.