कुंडीतली काळी चिलटं: तुमचे अनुभव लिहा

गिरगावची लेक
काल चहाच्या कपात चिलट पडलं आणि आईची चाळीतली गॅलरी आठवली. डालड्याच्या डब्यांत तुळस, गवती चहा, सदाफुली. डब्याच्या बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं आणि वर दिवसभर ऊन. तिथे ही चिलटं कधी दिसली नाहीत. इथे मालाडला पाऊस सुरू झाला की मनी प्लांटला हात लावताच भुर्रकन उडतात. चावत नाहीत, पण वरच्या ओल्या मातीत अंडी घालतात नि अळ्या कोवळी मुळं खातात. रोपं मलूल होतात, बघवत नाही. तुम्ही कशी घालवलीत?

मुलुंडची माळीण
पाणी कमी करा, बाकी सगळं नंतर. बोटाची दोन पेरं खुपसून कोरडी लागेपर्यंत घालूच नका. मनी प्लांट, स्नेक प्लांट त्याने मरत नाहीत. ताटलीतलं साचलेलंही ओतून टाका. पिवळ्या चिकट कार्डांवर उडणारी सापडतात, अळ्या मातीतच राहतात. अंड्यापासून चिलट व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा कार्डं लगेच काढू नका. कुकरची शिट्टी झाली, येते.

वनबीएचके
बटाट्याची चकती मातीवर ठेवा. दोन-तीन दिवसांनी उलटून बघा, काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या चिकटलेल्या दिसतात. कुठली कुंडी ते कळतं.

शमा
आणि तुळशीचं काय? सासूबाई रोज तांब्याभर घालतात. त्यांना कसं सांगू?

मुलुंडची माळीण
शमा, त्यांच्या हातात पळी द्या. नेमही राहतो, माती चिखल होत नाही. आमच्या आईंना लगेच पटलं.

विरार फास्ट
ट्रेनमधून लिहितोय. बीटीआय नावाची जिवाणूंची पावडर मिळते, डासांच्या अळ्यांवर वापरतात तीच. पाण्यात कालवून घाला. अळ्या खातात नि मरतात. उडणाऱ्यांवर चालत नाही, म्हणून आठवड्याने परत घालायची. दादर आलं.

गिरगावची लेक
मांजरीला काही होणार नाही ना? ती कुंडीतच झोपते 😄

विरार फास्ट
नाही, निर्धास्त राहा. फोटो टाका तिचा.

पार्लेकर
निंबोळी पेंड सगळे सांगतात, पण आमच्याकडे भर पावसात पेंडीलाच बुरशी आली. ती उन्हाळ्यातच बरी. चहाचा ओला चोथा कुंडीत घालणं मात्र बंद केल्यावर स्पष्ट फरक पडला.

आजी ७०
बाथरूमच्या भिंतीवर बसतात, केसाळ पंखांची, ती हीच का?

वनबीएचके
नाही आजी, ती मोरीतली. जाळी काढून आतला बुळबुळीत थर घासून घ्या.

शमा
नर्सरीतून आणलेलं रोप थोडे दिवस वेगळं ठेवा हं, बऱ्याचदा त्या काळ्या पिशवीतूनच येतात. त्यातलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलं राहतं ना. राणीबागेतल्या झाडांच्या प्रदर्शनाला कोण कोण जातं? यंदा एकत्र जाऊ.

पार्लेकर
मी येतो. रविवार नको, फार गर्दी असते.

आजी ७०
मला अडेनियम हवंय, गुलाबी.